सिलिकॉनची बीजप्रक्रिया : आशा आणि हिशेब

शाळूच्या उभ्या पिकातून ज्याने कधी वाट काढली असेल, त्याला पातीच्या कडेने हातावर उमटणारा बारीक चरा आठवत असेल. भाताच्या झोडणीनंतर अंगाला सुटणारी खाज किंवा गवताच्या पात्याने कापलेले बोट, हे अनुभवही खेड्यात वाढलेल्या माणसाला नवे नाहीत. या सर्वांच्या मुळाशी बव्हंशी एकच पदार्थ आहे. वनस्पतीने मातीतून उचललेली आणि आपल्या पातीत, खोडात व तुसात काचेसारख्या सूक्ष्म कणांच्या रूपाने साठविलेली ही सिलिका होय. वाळू आणि गारगोटी ज्या द्रव्याची बनते, तेच द्रव्य पिकाच्या अंगी असे भिनलेले असते. या सिलिकेतील मूलद्रव्य म्हणजे सिलिकॉन. संगणकामुळे हे नाव आज शाळकरी मुलांनाही ठाऊक झाले आहे. परंतु आपल्या भाकरीशी आणि भाताशी त्याचे नाते किती जवळचे आहे, याची जाणीव मात्र अद्याप फारशी झालेली दिसत नाही.

ती जाणीव करून देणारा एक विषय गेल्या काही वर्षांत कृषिशास्त्रज्ञांच्या चर्चेत आला आहे. पेरणीपूर्वी तृणधान्याचे बियाणे सिलिकॉनच्या अतिशय सौम्य द्रावणात काही तास भिजवावे, सावलीत पुन्हा सुकवावे आणि मग पेरावे. असे केल्यास त्यातून उगवणारे रोप अवर्षण, खारटपणा आणि उष्णता यांच्याशी अधिक नेटाने झुंज देते, असे या संशोधनाचे सांगणे आहे. उपाय स्वस्त आणि सोपा आहे. अवर्षणग्रस्त महाराष्ट्राला अशा उपायाचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. पण स्वस्त आणि सोपा म्हणून जो उपाय शेतकऱ्याच्या दारात येतो, त्याची पारख अधिक काटेकोरपणे व्हावयास हवी. कारण तो फसला तर औषधाचे पैसे तर जातातच, शिवाय हातचा हंगामही जातो.

हंगामाची ही किंमत रब्बी ज्वारीइतकी दुसऱ्या कोणत्याही पिकात क्वचितच प्रत्ययास येत असेल. सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव या पट्ट्यातील शेतकरी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जमिनीत वाफसा पाहून पाभर धरतो. त्यानंतर पाऊस येईलच असे नाही. काळ्या जमिनीने पोटात साठविलेल्या ओलीवर हे पीक चार महिने काढते. मोहोळ येथे १९३० च्या दशकात निवडलेली मालदांडी ३५-१ ही जात आजही या भागात टिकून आहे, ती या काटकपणामुळेच. परंतु काटकपणालाही मर्यादा असते. पेरणीनंतर वरची ओल लवकर उडाली तर उगवण विरळ होते. कोवळ्या रोपांवर खोडमाशी पडते. आणि दाणे भरण्याच्या वेळी जमिनीत ओल उरली नाही, तर खडखड्या रोगाने ताटेच्या ताटे आडवी होतात. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना आणि २०१२-१३, २०१५-१६ व २०१८ ची वर्षे ज्यांनी सोसली त्यांना हे वेगळे सांगावयास नको. अशा पिकाला पहिल्या पंधरवड्यात थोडा जरी आधार मिळाला, तरी त्याचे मोल मोठे आहे. म्हणूनच या नव्या बीजप्रक्रियेत तथ्य किती आणि अपेक्षा किती, याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

विपुल, तरीही उपेक्षित

भूकवचात प्राणवायूच्या खालोखाल विपुल असलेले मूलद्रव्य म्हणजे सिलिकॉन. वजनाने भूकवचाचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग त्याचा आहे. परंतु खडकात आणि वाळूत बद्ध असलेले सिलिकॉन पिकाला घेता येत नाही. मातीतील पाण्यात विरघळलेल्या सिलिसिक आम्लाच्या रूपानेच मुळे त्याचे शोषण करतात आणि हे विरघळणे फार मंद गतीने होते. सह्याद्रीच्या पश्चिमेस, जांभ्या दगडाच्या प्रदेशात, हजारो वर्षांच्या मुसळधार पावसाने मातीतील सिलिका धुऊन नेली असून मागे लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे उरली आहेत. जांभ्याचा तांबडा रंग ही त्याचीच खूण. पूर्वेकडील काळ्या जमिनीत सिलिका तुलनेने पुष्कळ असते. पण तेथे ती मुळापर्यंत वाहून नेणारे पाणीच ऐन गरजेच्या वेळी आटलेले असते.

वनस्पतीच्या जीवनातील सिलिकॉनचे स्थान हा शास्त्रज्ञांच्या दृष्टीने जुना वाद आहे. इंग्लंडमधील सुप्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही याने १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कृषिरसायनावरील ग्रंथात, पोकळ खोडाच्या वनस्पतींच्या सालीतील सिलिका त्यांना आधार देते आणि किडीपासून त्यांचे रक्षण करते, असे मत नोंदविले होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन शास्त्रज्ञ सॅक्स याने सिलिकॉन न घातलेल्या पोषक द्रावणात मका वाढवून दाखविला आणि पारडे उलट्या बाजूस झुकले. १९३९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील आर्नन आणि स्टाऊट यांनी वनस्पतीला एखादे मूलद्रव्य अत्यावश्यक केव्हा म्हणावे, याचे निकष घालून दिले. ज्या द्रव्यावाचून वनस्पती आपले जीवनचक्र पुरे करू शकत नाही, तेच अत्यावश्यक. या कसोटीवर सिलिकॉन उतरले नाही. साहजिकच नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या पंक्तीत त्याला पान मिळाले नाही आणि पाठ्यपुस्तकांनी त्याची बोळवण एखाद्या वाक्यात केली.

प्रयोगशाळेत, नियमित पाणी आणि सुखकर तापमान यांत वाढविलेल्या रोपाला सिलिकॉनवाचून जगता येते, हे खरेच. पण शेतातील पीक इतक्या सुखात वाढत नाही. त्याला ऊन, वारा, कीड आणि तहान सोसावी लागते. त्याच कॅलिफोर्निया विद्यापीठातील इमॅन्युएल एपस्टाइन यांनी १९९४ साली लिहिलेल्या एका गाजलेल्या लेखात या विसंगतीवर बोट ठेवले. मातीत वाढणाऱ्या प्रत्येक वनस्पतीच्या अंगी सिलिकॉन असताना ते वगळून केलेले प्रयोग हेच मुळात अनैसर्गिक होत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सुस्थितीत ज्याची उणीव जाणवत नाही आणि विपत्तीत जे कामास येते, अशा द्रव्याला अनावश्यक ठरविणे कितपत योग्य, हा प्रश्न त्यानंतर गांभीर्याने विचारला जाऊ लागला.

जपानने मात्र या पंडिती वादाच्या निकालाची वाट पाहिली नव्हती. करपा रोगाने ग्रासलेल्या भातात निरोगी भातापेक्षा सिलिका कमी असते, ही गोष्ट तेथील ओनोदेरा या शास्त्रज्ञाने १९१७ मध्येच निदर्शनास आणली होती. पोलादाच्या भट्ट्यांतून निघणाऱ्या मळीत विद्राव्य सिलिकेट असते. ती दळून भातखाचरात घालण्याची पद्धत जपानने अवलंबिली आणि १९५५ साली तिला अधिकृत खताचा दर्जा दिला. पुढे २००६ साली ओकायामा विद्यापीठातील च्यन फंग मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी भाताच्या मुळात सिलिकॉन आत घेणारे प्रथिन कोणते आणि त्याची सूत्रे कोणत्या जनुकाकडे आहेत, हे शोधून काढले. भात हे द्रव्य योगायोगाने नव्हे, तर स्वतंत्र दार ठेवून आत घेतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. भाताच्या वाळलेल्या पेंढ्यात शेकडा दहापर्यंत सिलिका असू शकते, याचा उलगडा या दारामुळे होतो.

ताण सोसण्याचे बळ

सिलिकॉनमुळे नेमके काय साधते? सर्वांत सहज समजणारा लाभ यांत्रिक आहे. पानाच्या सालीखाली सिलिकेचा थर बसला की पाने ताठ राहतात, त्यांना ऊन चांगले मिळते, खोड सहसा लोळत नाही आणि बुरशीच्या धाग्याला किंवा अळीच्या जबड्याला आत शिरणे कठीण जाते. खोडमाशीला दाद न देणाऱ्या ज्वारीच्या जातींत पानाच्या देठाशी सिलिकेचे विशिष्ट आकाराचे कण आढळतात, असे निरीक्षण मद्रासचे शास्त्रज्ञ पोन्नैया यांनी १९५१ मध्येच प्रसिद्ध केले होते. आपल्याच देशात, आपल्याच पिकावर झालेले हे काम आज कितीजणांच्या स्मरणात असेल, हा प्रश्नच आहे.

अवर्षणाच्या बाबतीत गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. पानावरील सिलिकेच्या थरामुळे बाष्पीभवन कमी होते आणि म्हणून पीक तग धरते, असे पूर्वी मानले जाई. परंतु २००५ साली जपानमधील हात्तोरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्वारीवरच केलेल्या प्रयोगांत निराळे चित्र दिसले. सिलिकॉन मिळालेली ज्वारी कोरड्या मातीतूनही अधिक पाणी ओढून घेत होती आणि तिची पर्णरंध्रे उलट अधिक काळ उघडी राहत होती. म्हणजे बचत पानात होत नव्हती. कमाई मुळाकडून होत होती. खारट जमिनीत सिलिकॉनमुळे भाताच्या मुळातून आडवाटेने आत शिरणारा सोडियम कमी होतो, असेही दिसून आले आहे. कोकणातील खारभूमीत पनवेल-१ ते ३ यांसारख्या खास जाती लावणाऱ्या शेतकऱ्याला या निष्कर्षाचे महत्त्व पटावे.

हे सर्व होते कसे, यावर मात्र एकमत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत समीक्षेत काही नामवंत शास्त्रज्ञांनी सिलिकॉनच्या नावावर जमा केल्या जाणाऱ्या अनेक जादूंविषयी शंका घेतली. सिलिकॉन पेशीच्या आतील कारभारात फारसा भाग घेत नसून, पेशींच्या बाहेरील पोकळीत बसून शत्रूची वाट अडविते, एवढेच त्याचे मुख्य कार्य असावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा वाद अजून मिटलेला नाही. तथापि, ताण असताना सिलिकॉनचा पिकाला उपयोग होतो, हा अनुभव इतक्या देशांत आणि इतक्या पिकांत आला आहे की, तो नाकारण्याचे कारण उरलेले नाही.

द्रोणभर द्रावणाचा हिशेब

येथपर्यंत जे सांगितले ते मातीतून मिळणाऱ्या सिलिकॉनविषयी होते. बीजप्रक्रियेचा दावा निराळा आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. तसे पाहता बियाण्यावर संस्कार करण्याची कल्पना आपल्या शेतकऱ्याला नवी नाही. ज्वारीच्या काणीसाठी किलोमागे चार ग्रॅम गंधक चोळावे, भाताचे पोचट बी मिठाच्या तीन टक्के द्रावणात तरंगवून काढून टाकावे, अझोटोबॅक्टरचे जिवाणू लावावेत, या शिफारशी गावोगाव परिचित आहेत. कोरडवाहू ज्वारीचे बी कॅल्शियम क्लोराइडच्या सौम्य द्रावणात भिजवून व सुकवून ‘कणखर’ करण्याची पद्धतही शास्त्रज्ञांनी सुचविलेली आहे. बी भिजले की त्यातील जीवनव्यापार जागे होतात. मोड बाहेर पडण्यापूर्वीच ते सुकविले, तर ही जागृती काही अंशी टिकून राहते आणि पेरणीनंतर बी लवकर व एकसारखे उगवते. या तत्त्वावर ही सारी प्रक्रिया उभी आहे.

याच तत्त्वाला सिलिकॉनची जोड देऊन पाकिस्तान, इजिप्त, चीन आदी देशांत गहू आणि मका यांवर प्रयोग झाले आहेत. सोडियम सिलिकेटच्या सौम्य द्रावणात भिजविलेला गहू कृत्रिम पाणीटंचाईतही चांगला उगवला. सिलिकॉनमध्ये भिजविलेला मका अल्कधर्मी मातीत अधिक जोमाने वाढला. रोपांची मुळे लांब झाली आणि ताणामुळे पेशीत निर्माण होणाऱ्या घातक द्रव्यांचा निचरा करणारी वितंचके अधिक क्रियाशील झाली, असे त्यांचे निष्कर्ष आहेत. ते उत्साहवर्धक आहेत, यात संशय नाही.

आता थोडा हिशेब मांडू. रब्बी ज्वारीला हेक्टरी सुमारे दहा किलो बियाणे लागते. भिजताना ते फार तर चार लिटर द्रावण शोषून घेईल. अशा प्रयोगांतून वापरल्या गेलेल्या एका सौम्य द्रावणात लिटरमागे सुमारे ४२ मिलिग्रॅम सिलिकॉन असते. म्हणजे एका हेक्टरच्या सगळ्या बियाण्यात मिळून १७० मिलिग्रॅमच्या आसपास, चिमूटभरही नव्हे इतके, सिलिकॉन शिरले. उलट, हेक्टरी चार टन कडबा निघाला आणि त्यात शेकडा अर्धा भाग जरी सिलिकॉन धरले, तरी पिकाच्या अंगी वीस किलो सिलिकॉन असणार. बियाण्यातून दिलेल्या सिलिकॉनच्या हे लाखपटीहून अधिक झाले. द्रावण दहापट तीव्र केले, तरीही दहा हजारपटींचे अंतर राहतेच. भाताची भूक तर याहूनही मोठी आहे. हेक्टरी पाच टन उत्पन्न देणारा भात मातीतून दोनशे ते साडेचारशे किलो सिलिकॉन उचलतो.

या हिशेबातून एक गोष्ट स्वच्छ होते. बीजप्रक्रियेतील सिलिकॉन हे पिकाचे अन्न होऊ शकत नाही. परीक्षेला निघालेल्या मुलाच्या हातावर आपण दही घालतो, त्याने त्याचे पोट भरत नाही. तसेच हे आहे. त्या सूक्ष्म मात्रेचा काही परिणाम होत असेल, तर तो उगवणीच्या पहिल्या काही दिवसांत, अंकुराला मिळणाऱ्या एखाद्या सूचनेच्या रूपानेच होत असला पाहिजे. तसा तो होणे अशक्य नाही. जीवसृष्टीत अल्प मात्रेने मोठे परिणाम घडल्याची उदाहरणे आहेत. पण मग दहीच कामास आले की मुलाचा अभ्यास, हे विचारणे क्रमप्राप्त ठरते.

कारण नुसत्या पाण्यात भिजविल्यानेही बियाण्याची उगवण सुधारते. १९९० च्या दशकात वेल्समधील बँगर येथील डेव्हिड हॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातील आदिवासी शेतकऱ्यांना बरोबर घेऊन मका, भात आणि हरभरा यांचे बी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून पेरण्याचे प्रयोग केले. पिके लवकर आणि जोमाने उगवली, असे शेतकऱ्यांनीच सांगितले. तेव्हा सिलिकॉनच्या द्रावणात भिजविलेल्या बियाण्याची तुलना कोरड्या बियाण्याशी करून जो लाभ दाखविला जाईल, त्यातील पाण्याचा वाटा किती आणि सिलिकॉनचा किती, हे वेगळे केल्यावाचून कोणताही निष्कर्ष ग्राह्य धरता येणार नाही. फुकटच्या पाण्याचे श्रेय विकतच्या द्रव्याच्या खाती जमा होऊ नये, एवढीच ही मागणी आहे.

दुसरी मर्यादा प्रयोगांच्या जागेची. या विषयावरील बहुसंख्य प्रयोग काचेच्या बशीत आणि कुंडीत झालेले आहेत. पंधरा-वीस दिवसांच्या रोपाची मुळे दोन बोटे लांब झाली, ही नोंद महत्त्वाची असली तरी मंगळवेढ्याच्या काळ्या रानात जानेवारीत कणसात किती दाणे भरले, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. रोपाने पहिल्या पंधरवड्यात मिळविलेली आघाडी चार महिने टिकते का? हलक्या जमिनीत टिकते की भारी जमिनीत? ओल कमी पडलेल्या वर्षी टिकते की सुकाळात? शेतकऱ्याला हवी आहेत ती या प्रश्नांची उत्तरे.

बाटली आणि राख

ही उत्तरे मिळण्यापूर्वीच बाजार पुढे सरसावतो, हा आपला अनुभव आहे. सिलिकॉनयुक्त द्रवांच्या बाटल्या द्राक्ष आणि ऊस पिकविणाऱ्या भागांतील दुकानांत केव्हाच येऊन बसल्या आहेत. पिकाला चेतना देणाऱ्या जैव-उत्तेजकांचा बाजार दीर्घकाळ बिनलगामी होता. २०२१ साली केंद्र सरकारने १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून त्यांना कायद्याच्या कक्षेत आणले, हे योग्यच झाले. परंतु कायदा बाटलीत काय आहे ते तपासू शकेल. विक्रेत्याच्या जिभेवर काय आहे ते तपासणे त्याला कठीण. ‘दुष्काळातही हमखास पीक’ अशा आश्वासनावर चार एकरवाला शेतकरी उसने पैसे काढतो, तेव्हा त्याच्या हाती प्रयोगाचा कोणताही कागद नसतो.

उलट ज्या सिलिकॉनला कोणी विक्रेता नाही, त्याची मात्र आपण उपेक्षा करतो. कोकणात भाताचे रोप टाकण्यापूर्वी राब भाजण्याची चाल फार जुनी आहे. पालापाचोळा, कवळे, शेण आणि पेंढा वाफ्यावर पसरून जाळावयाचा आणि त्या राखेत बी पेरावयाचे. १८८० च्या दशकात ठाणे-कुलाब्याचे शेतकरी आणि सरकारी जंगलखाते यांच्यात या राबाच्या फांद्यांवरून एवढा संघर्ष झाला की सरकारला आयोग नेमावा लागला. राबाने तण मरते, कीड मरते आणि राखेतून पालाश व सिलिका रोपाला मिळते. जंगलाची हानी होते म्हणून त्याला विरोध झाला, तोही निराधार नव्हता. पण त्यातील राखेचे मर्म दुर्लक्षिले गेले.

ते मर्म ओळखणारे शास्त्रज्ञ महाराष्ट्रातच निपजले. आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात काम केलेले डॉ. नारायण सावंत यांनी भातशेतीतील सिलिकॉनच्या व्यवस्थापनावर अमेरिकेतील दोन सहकाऱ्यांसह १९९७ साली लिहिलेला प्रदीर्घ लेख जगभर आधारभूत मानला जातो. कोकणातील लहान शेतकऱ्यासाठी त्यांनी सांगितलेल्या ‘चारसूत्री’ भातशेतीतील पहिलेच सूत्र भाताच्या अवशेषांच्या फेरवापराचे आहे. रोपवाटिकेच्या गादीवाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख मिसळावी आणि खाचरात पेंढा गाडावा. उरलेली तीन सूत्रे गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि खताच्या ब्रिकेट यांची आहेत. रोप टणक होते आणि खोडकिडीला दाद देत नाही, ते या राखेतील सिलिकेमुळे. येथे द्रव्य किलोत दिले जाते, मिलिग्रॅममध्ये नव्हे. पिकाच्या कोवळ्या वयातच ते पोहोचते. म्हणजे बीजप्रक्रियेचा हेतूही साधतो. आणि त्यासाठी बाजारात जावे लागत नाही.

भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस असते, तुसाच्या सुमारे पाचव्या हिश्शाची राख होते आणि त्या राखेत बहुतांश सिलिकाच असते. गोंदिया-भंडाऱ्याच्या धानगिरण्यांतून, तसेच चिपाड जाळणाऱ्या साखर कारखान्यांतून अशा सिलिकायुक्त राखेचे ढीग निघतात. त्यातही एक भेद आहे. मंद आचेवर जळालेल्या काळसर राखेतील सिलिका मातीत विरघळते. प्रखर भट्टीत पांढरी पडलेली राख स्फटिकरूप होऊन निरुपयोगी ठरते. कोणत्या गिरणीची राख शेताला चालेल, हे तपासून सांगण्याचे काम अवघड नाही. पण राखेत कोणाचा नफा नाही, म्हणून तिची जाहिरात नाही. आणि जाहिरात नाही, म्हणून तिची चर्चा नाही.

कसोटी कशी लावावी

याचा अर्थ सिलिकॉनच्या बीजप्रक्रियेला दार बंद करावे, असा नाही. रब्बी ज्वारीच्या खाली शेताला राख घालणे सर्वत्र शक्य नाही. तेथे बियाण्यावरचा अल्पखर्ची उपाय खरोखरच उपयुक्त ठरला तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. यास्तव राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली येथील विद्यापीठांनी हा विषय अंगावर घेण्याची गरज आहे. १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे संशोधन ज्या सोलापुरात झाले, तेथे रब्बी ज्वारीचे स्वतंत्र केंद्रही आहे. त्यासाठी नवी इमारत नको, नवे पद नको. शेतकऱ्यांच्या रानात शेजारी शेजारी चार पट्टे पुरेत. एकात कोरडे बी, दुसऱ्यात पाण्यात भिजविलेले, तिसऱ्यात कॅल्शियम क्लोराइडमध्ये भिजविलेले आणि चौथ्यात सिलिकेटमध्ये भिजविलेले. कोणत्या पिशवीत कोणते बी, हे पेरणाऱ्याला आणि मोजणाऱ्याला ठाऊक नसावे. हलकी, मध्यम आणि भारी अशा तिन्ही जमिनी घ्याव्यात आणि निदान तीन हंगाम पाहावेत. कारण एका वर्षाचा पाऊस दुसऱ्या वर्षाची साक्ष देत नाही.

मोजताना केवळ धान्य मोजून भागणार नाही. रब्बी ज्वारीचा शेतकरी कडब्यासाठीही ज्वारी करतो. भाताच्या पेंढ्यात सिलिका अधिक असल्याने जनावरांना तो नीट पचत नाही, हे ज्ञात आहे. बीजप्रक्रियेतील नगण्य मात्रेने कडबा निकृष्ट होईल, असे वाटत नाही. पण पुढेमागे जमिनीतून सिलिकॉन देण्याचा विचार झाला, तर दाणा वाढला आणि बैलाने तोंड फिरविले, असे होऊ नये. शिवाय सोडियम सिलिकेट तीव्र अल्कधर्मी असते. त्याचे द्रावण अंदाजाने केले तर बी जळेल. आणि त्याच बियाण्याला लावलेले अझोटोबॅक्टरचे जिवाणू जगतील का, हेही पाहिले पाहिजे. भिजविलेल्या बियाण्याला मोड फुटल्यावर ते सुकविले तर अंकुर मरतो आणि प्रक्रिया केलेले बी फार दिवस ठेवता येत नाही. घाईने दिलेली शिफारस या बारीकसारीक गोष्टींपायीच शेतात तोंडघशी पडते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, निष्कर्ष प्रतिकूल आला तरी तो तितक्याच ठळकपणे प्रसिद्ध झाला पाहिजे. फसलेला प्रयोग कपाटात ठेवावयाचा आणि यशस्वी ठरलेला तेवढा मेळाव्यात सांगावयाचा, या सवयीने शेतकऱ्याचा शास्त्रावरील विश्वास उडतो आणि ती रिकामी जागा विक्रेता भरून काढतो. एखाद्या उपायाने काही होत नाही, हे अधिकृतपणे कळणे म्हणजेही शेतकऱ्याचे पैसे वाचणे होय.

या कामी खेड्यातील शाळांनाही वाटा उचलता येईल. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवले ते मोजण्याची चाचणी कोणत्याही विज्ञानशिक्षकाला घेता येते. कोरडे शंभर दाणे आणि रात्रभर भिजवून सावलीत सुकविलेले शंभर दाणे यांची तुलना मुलांनी आपल्याच घरच्या बियाण्यावर केली, तर पाण्याचे श्रेय कोणते आणि औषधाचे कोणते, हा प्रश्न विचारण्याची सवय त्यांना लागेल. उद्या त्यांच्याच वडिलांसमोर कोणी बाटली धरली, तर घरातील एक जण तरी विचारील की, नुसत्या पाण्याशी ताडून पाहिले होते काय?

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा ज्वारीच्या भाकरीचे गोडवे सर्वत्र गायिले गेले. ती ज्वारी पिकविणारा शेतकरी मात्र दर हस्त नक्षत्रात आभाळाकडे पाहत चाड्यावर मूठ धरतो. त्या मुठीतील बियाण्याला सिलिकॉनने खरोखरच बळ येत असेल, तर ते त्याला स्वस्तात आणि खात्रीने मिळाले पाहिजे. येत नसेल, तर तेही त्याला वेळेवर कळले पाहिजे. दोन्हींपैकी काय खरे, हे सांगण्याची जबाबदारी दुकानदाराची नाही. ज्या संस्था त्याच शेतकऱ्याच्या करातून चालतात, त्यांची ती आहे.